एसपीआय: क्लॉक कमी केल्यावर फ्लॅशमधील लेखन अधिकच बिघडते, हे कसे?

कोरी_पाटी (प्रश्न)

नमस्कार. आजवर मी एटीमेगा३२८पी या आठ बिटी मायक्रोकंट्रोलरवर काम करत आले असून आता प्रथमच एसटीएम३२एफ१०३ हाताळत आहे. ठराविक अंतराने तापमान मोजून त्याची नोंद साठवणारे एक लहान उपकरण करायचे आहे. त्यासाठी एकाच एसपीआय बसवर (क्लॉकच्या तालावर एकेक बिट नेणाऱ्या सामायिक तारांवर) दोन चिप जोडायच्या आहेत. एक म्हणजे डब्ल्यू२५क्यू६४ ही ६४ मेगाबिटची फ्लॅश आणि दुसरी पीटी१०० या तापमान संवेदकासाठीची मॅक्स३१८६५. सध्या दुसरी चिप काढून ठेवली आहे, त्यामुळे प्रश्न फ्लॅशपुरताच आहे. (खाली बाइटचे जे आकडे लिहिले आहेत ते सर्व हेक्समध्ये आहेत.)

मायक्रोकंट्रोलर ७२ मेगाहर्ट्झवर चालतो. एसपीआय-१ वापरला असून क्लॉक पीए५ वर, मिसो (चिपकडून येणारी तार) पीए६ वर, मोसी (चिपकडे जाणारी तार) पीए७ वर आणि फ्लॅशचा चिप सिलेक्ट (खाली नेला की चिप निवडली जाते) पीए४ वर आहे. चिप सिलेक्ट मी साध्या आउटपुट पिनप्रमाणे स्वतःच खाली-वर करते. मास्टर, आठ बिट, मोठा बिट आधी, मोड ०, प्रीस्केलर (क्लॉकचा भाजक) ८, म्हणजे क्लॉक ९ मेगाहर्ट्झ, अशी मांडणी आहे. पाठवण्याचे फंक्शन बाइट डेटा रजिस्टरमध्ये टाकते आणि टीएक्सई (पाठवण्याचा बफर रिकामा) फ्लॅग १ होईपर्यंत थांबते. वाचण्याचे फंक्शन एक रिकामा बाइट टाकते, आरएक्सएनई (आलेला बाइट तयार) फ्लॅगची वाट पाहते आणि डेटा रजिस्टर वाचून परत देते. एटीमेगाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जिथे एसपीआयएफ (व्यवहार पूर्ण झाल्याचा फ्लॅग) होता तिथे पाठवताना टीएक्सई आणि वाचताना आरएक्सएनई घातला, बाकी रचना तीच ठेवली.

आता लक्षणे सांगते. रीसेटनंतर लगेच ९एफ ही आज्ञा देऊन ओळखक्रमांक वाचला तर ईएफ, ४०, १७ यायला हवेत, त्याऐवजी एफएफ, ईएफ, ४० येतात. म्हणून मी चार बाइट वाचून पहिला टाकून देऊ लागले आणि क्रमांक बरोबर आला. ०३ ही आज्ञा आणि तीन बाइटचा पत्ता देऊन मजकूर वाचताना मात्र एक नव्हे, दोन बाइट टाकून द्यावे लागतात. हे विचित्र वाटले, तरी चालवून घेतले.

खरी अडचण लेखनाची आहे. ०६ ही आज्ञा देऊन लेखनाची परवानगी घेतली तरी स्टेटस रजिस्टरमधील परवानगीचा बिट ० राहतो, आणि त्यामुळे सेक्टर पुसणे किंवा पान लिहिणे यांपैकी काहीच घडत नाही. (स्टेटस रजिस्टर सलग कितीही वेळा वाचता येत असल्याने मी तो आठ वेळा वाचून शेवटचा बाइट खरा धरते.) जोडणीत दोष असेल असे समजून प्रीस्केलर २५६ केला, क्लॉक २८१ किलोहर्ट्झपर्यंत उतरला, आणि लेखन एकदाही यशस्वी झाले नाही. उलट प्रीस्केलर ४ करून १८ मेगाहर्ट्झवर, कंपायलरचे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून पाहिले, तर लेखन व्यवस्थित झाले! ऑप्टिमायझेशन चालू करताच पुन्हा बंद पडले. डिबगरमध्ये एकेक ओळ पुढे नेली तर कोणत्याही वेगाला लेखन होते. पण तशाच पद्धतीने ओळखक्रमांक वाचला तर एफएफ, ४०, १७ येतात आणि मधला ईएफ नाहीसा होतो.

वेग कमी केल्यावर बस अधिक भरवशाची व्हायला हवी, असे आजवर शिकत आले. इथे नेमके उलटे का घडते आहे?

---

तारतम्य

अशा वेळी माझा पहिला संशय नेहमी तारांवर जातो. ब्रेडबोर्डवर लांब जंपर वायर वापरल्या असतील तर क्लॉकच्या कडेवर उसळी येते, आणि चिपला एका कडेच्या जागी दोन कडा दिसतात. हा दोष वेग कमी करून जात नाही, कारण पिनची कडा तेवढीच तीव्र राहते. तेव्हा पीए५ आणि पीए७ यांचा आउटपुट वेग ५० मेगाहर्ट्झवर ठेवला असेल तर तो १० वर आणून पाहा, आणि क्लॉकच्या तारेत मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला ३३ ओहमचा रोधक घाला.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. फ्लॅशच्या राइट-प्रोटेक्ट आणि होल्ड या पिना मोकळ्या सोडल्या आहेत का? दुसरे म्हणजे, सॉफ्टवेअरने चिप सिलेक्ट सांभाळायचा असेल तर एसएसएम आणि एसएसआय हे दोन्ही बिट १ करावे लागतात. ते राहून गेले आणि एनएसएस (हार्डवेअरच्या चिप सिलेक्टची) पिन खाली गेली, तर एमओडीएफ हा दोष नोंदला जातो आणि मास्टरचा बिट आपोआप पुसला जातो. तुमचा पीए४ म्हणजे नेमकी तीच पिन आहे.

---

कोरी_पाटी

आभारी आहे. तारा दहा सेंटिमीटरपेक्षा लांब नाहीत, राइट-प्रोटेक्ट आणि होल्ड थेट ३.३ व्होल्टला बांधले आहेत, आणि फ्लॅशच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. एसएसएम आणि एसएसआय दोन्ही १ आहेत, एमओडीएफ ० आहे. आपण सांगितल्याप्रमाणे पिनचा वेग १० वर आणून आणि रोधक घालूनही पाहिले. फरक पडला नाही.

---

थांबा_जरा

चिप सिलेक्ट वर नेण्यापूर्वी काही मायक्रोसेकंदांचा विलंब टाकून पाहा. मला एकदा असाच अनुभव आला होता आणि विलंबाने प्रश्न सुटला. कारण शोधत बसलो नाही.

---

आठवा_बिट

विलंबाने लेखन सुरू होईल, पण दोष तिथेच राहील. क्लॉक बदलला की विलंब अपुरा पडेल, आणि वाचताना बाइट टाकून देण्याचा प्रकार तर त्याने मुळीच थांबणार नाही. तुमच्या प्रश्नातच निदान दडलेले आहे. वेग कमी केल्यावर दोष वाढत असेल तर तो बहुधा तारेचा नसतो, कारण तारेला कमी वेग सोसतो. कमी वेग सोसत नाही तो फक्त अशा प्रोग्रॅमला, जो बाइट जाण्याची वाट न पाहता पुढे निघून जातो.

एटीमेगामधील एसपीआयएफ फ्लॅग संपूर्ण बाइट, म्हणजे आठही बिट, ये-जा करून संपल्यावर १ होतो. तिथे पाठवण्यासाठी वेगळा बफरच नाही, त्यामुळे ‘पाठवला’ आणि ‘पोहोचला’ यांत अंतर नसते. एसटीएम३२एफ१०३ मध्ये डेटा रजिस्टर आणि प्रत्यक्ष बिट सरकवणारे शिफ्ट रजिस्टर हे वेगवेगळे आहेत. तुम्ही टाकलेला बाइट डेटा रजिस्टरमधून शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरला की लगेच टीएक्सई १ होतो, आणि त्या क्षणी तारेवर जेमतेम पहिला बिट निघालेला असतो. टीएक्सई एवढेच सांगतो की पुढचा बाइट ठेवायला जागा झाली आहे. तुम्ही प्रोग्रॅमचा शब्दशः अनुवाद केलात, पण एसपीआयएफ या शब्दाचा अर्थ टीएक्सईमध्ये उतरलेला नाही.

आता ०६ ही आज्ञा पाहू. तुमच्या मांडणीत गाभा आणि एपीबी-२ बस (एसपीआय-१ जिच्यावर आहे ती अंतर्गत बस) दोन्ही ७२ मेगाहर्ट्झवर आहेत, म्हणून एसपीआयच्या एका बिटाला प्रीस्केलरएवढीच गाभ्याची चक्रे लागतात. प्रीस्केलर ८ असताना एक बाइट जायला ६४ चक्रे, ४ असताना ३२, आणि २५६ असताना २०४८ चक्रे. टीएक्सई १ झाल्यावर फंक्शनमधून परत येऊन चिप सिलेक्ट वर करायला तुमच्या प्रोग्रॅमला काही डझन चक्रे पुरतात. ऑप्टिमायझेशन बंद असताना त्याला ३२ पेक्षा जास्त चक्रे लागत असणार, म्हणून १८ मेगाहर्ट्झवर तुमचा संथ प्रोग्रॅम योगायोगाने बाइटच्या मागे राहिला आणि लेखन झाले. ऑप्टिमायझेशनने प्रोग्रॅम चपळ झाला आणि शर्यत जिंकून हरला. २०४८ चक्रांच्या शर्यतीत तर बाइटला संधीच नव्हती. डिबगरमध्ये दोन ओळींमध्ये माणसाचे बोट असते, तिथे बाइट नेहमीच आधी पोहोचतो.

फ्लॅशच्या बाजूने पाहिले तर चिप सिलेक्ट नेमका बाइटच्या सीमेवर वर जाणे ही अट आहे. शेवटच्या बाइटचा आठवा बिट घेतल्यानंतर तो वर गेला नाही तर लेखन, पुसणे किंवा परवानगी यांपैकी कोणतीही आज्ञा अमलात येत नाही. ही अट मुद्दाम ठेवलेली आहे. बसवर गडबड होऊन अर्धवट आज्ञा आली तर मेमरी पुसली जाऊ नये, म्हणून फ्लॅश ती सरळ सोडून देते, आणि त्याबद्दल कोणताही दोष कळवत नाही. वाचनाला ही अट नाही, म्हणून ओळखक्रमांक येत राहिला आणि बस ठीक आहे असा तुमचा समज झाला.

राहिला टाकून दिलेल्या बाइटचा प्रश्न. एसपीआयमध्ये नुसते पाठवणे असे काही नसतेच. मोसीवर एक बिट बाहेर जातो तेव्हा मिसोवरून एक बिट आत येतोच, मग तो अर्थपूर्ण असो वा नसो. तुम्ही ९एफ पाठवत असताना फ्लॅशने मिसो सोडलेली असते, त्यामुळे पुल-अपमुळे (तार वर खेचून ठेवणाऱ्या रोधकामुळे) एफएफ आत येतो आणि डेटा रजिस्टरमध्ये बसून राहतो. पाठवण्याचे फंक्शन तो उचलत नाही. मग वाचण्याचे फंक्शन आरएक्सएनईची वाट पाहते आणि त्याच्या हाती हा शिळा एफएफ लागतो. तिथून पुढे प्रत्येक बाइट एका घराने मागे.

चार बाइट पाठवून मजकूर वाचताना आणखी एक गोष्ट घडते. पहिला शिळा बाइट कोणी न उचलल्याने पुढचे बाइट आत येऊनही ठेवायला जागा नसते. ओव्हीआर म्हणजे ओव्हररन फ्लॅग १ होतो, जुना बाइट तसाच राहतो आणि नवे हरवतात. तुमचे पहिले वाचन तो जुना बाइट उचलते आणि लगेच परतते. दुसरे वाचन पत्त्याच्या शेवटच्या बाइटबरोबर आलेला कचरा उचलते. खरा मजकूर तिसऱ्यापासून सुरू होतो, म्हणून दोन. डेटा रजिस्टर वाचून नंतर एसपीआयचा (फ्लॅशचा नव्हे) स्टेटस रजिस्टर वाचला की ओव्हीआर पुसला जातो, आणि तुमच्या फंक्शनमध्ये हा क्रम नकळत साधला जात असल्याने बस कायमची अडकली नाही. टाकून द्यायच्या बाइटची संख्या आधीच्या व्यवहारात काय उरले यावर अवलंबून राहील, त्यामुळे आज चाललेला आकडा उद्या दुसऱ्या क्रमाने फंक्शने हाक मारताच चुकेल.

डिबगरमध्ये नाहीसा होणारा ईएफ हा याच ओव्हररनचा बळी आहे. तुम्ही एक ओळ पुढे नेईपर्यंत रिकामा बाइट पूर्ण जाऊन ईएफ दाराशी आला, आत एफएफ बसलेला होता, ईएफ हरवला. ओघाने सांगतो, डिबगरच्या खिडकीत एसपीआयची रजिस्टरे उघडी ठेवू नका. ती खिडकीसुद्धा डेटा रजिस्टर वाचते, आणि त्या वाचनानेही आरएक्सएनई पुसला जातो. या एका खिडकीपायी माझी एक संध्याकाळ गेली आहे.

उपाय लहान आहे. पाठवणे आणि वाचणे अशी दोन फंक्शने ठेवू नका, देवघेवीचे एकच ठेवा. बाइट डेटा रजिस्टरमध्ये टाका, आरएक्सएनई १ होईपर्यंत थांबा, डेटा रजिस्टर वाचा आणि आलेला बाइट परत द्या. आज्ञा पाठवताना परत आलेला बाइट वापरू नका, पण तो उचलायला विसरू नका. आरएक्सएनई शेवटच्या बिटाच्या वाचनकडेला १ होतो, तेव्हा क्लॉकचे अर्धे चक्र अजून बाकी असते. म्हणून चिप सिलेक्ट वर नेण्यापूर्वी टीएक्सई १ आणि त्यानंतर बीएसवाय (एसपीआय व्यग्र असल्याचा फ्लॅग) ० झाल्याची खात्री करून घ्यावी. मात्र प्रत्येक बाइटच्या मध्ये बीएसवायवर विसंबू नका. संदर्भपुस्तिकाही तेच सांगते. बीएसवाय व्यवहाराच्या शेवटी एकदाच पाहायचा.

पुढे डीएमए (गाभ्याला न गुंतवता डेटा हलवणारे हार्डवेअर) वापरायला घ्याल तेव्हा हीच चूक वेगळ्या वेषात समोर येईल. पाठवण्याच्या डीएमएचा ‘काम पूर्ण’ इंटरप्ट शेवटचा बाइट डेटा रजिस्टरमध्ये पडल्यावर येतो, तारेवरून गेल्यावर नव्हे. चिप सिलेक्ट सोडण्यासाठी घेण्याच्या बाजूचा, म्हणजे एसपीआय-१ साठी डीएमए-१ च्या चॅनल २ चा, इंटरप्ट वापरावा.

---

थांबा_जरा

म्हणजे माझा तो विलंब अजूनही त्या प्रोग्रॅममध्ये तसाच आहे आणि क्लॉक कोणी बदलला नाही म्हणून चालतो आहे. उद्याच काढतो. एक शंका आहे. हॅलमधील, म्हणजे एसटीएम३२ च्या तयार लायब्ररीतील, फंक्शने वापरली तर हे सगळे आपोआप सांभाळले जाते ना?

---

आठवा_बिट

होय. हॅलमधील पाठवण्याचे फंक्शन शेवटी बीएसवाय उतरण्याची वाट पाहते आणि न वाचलेल्या बाइटमुळे आलेला ओव्हीआरही पुसते. पण हे त्याच्या थांबून काम करणाऱ्या रूपाबद्दल झाले. इंटरप्ट किंवा डीएमएचे रूप लगेच परतते, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत चिप सिलेक्ट वर केला तर आपण पुन्हा मूळ प्रश्नापाशी येतो.

---

कोरी_पाटी

आठवा_बिट, आपले मनापासून आभार. देवघेवीचे एकच फंक्शन केले आणि शेवटी बीएसवाय पाहिला. २८१ किलोहर्ट्झ, ९ मेगाहर्ट्झ आणि १८ मेगाहर्ट्झ अशा तिन्ही वेगांना, ऑप्टिमायझेशन चालू असताना आणि बंद असताना, सेक्टर पुसला गेला, पान लिहिले गेले आणि पहिल्याच बाइटपासून बरोबर वाचले गेले. लॉजिक ॲनालायझरवर आधीचा प्रोग्रॅम चालवून पाहिला तेव्हा ०६ च्या दुसऱ्याच बिटाला चिप सिलेक्ट वर जाताना स्पष्ट दिसला. हे चित्र मी प्रश्न विचारण्यापूर्वीच पाहायला हवे होते.

आता मॅक्स३१८६५ पुन्हा जोडली आहे आणि तिच्याबाबत नवे लक्षण दिसते. ती एकटी असताना उत्तम चालते. दोन्ही चिप असताना फ्लॅशमध्ये लिहिल्यानंतरचे पहिले तापमान वेडेवाकडे येते, लगेच दुसऱ्यांदा वाचले की बरोबर येते. फ्लॅशसाठी मोड ० आणि संवेदकासाठी मोड ३ वापरते. संवेदकाच्या फंक्शनमध्ये आधी त्याचा चिप सिलेक्ट खाली नेते, मग एसपीआय बंद करून मोड आणि प्रीस्केलर १६ बसवते, पुन्हा चालू करते, वाचते आणि चिप सिलेक्ट वर नेते. प्रीस्केलर १६ म्हणजे ४.५ मेगाहर्ट्झ, चिपची मर्यादा ५ आहे, त्यामुळे वेगाचा प्रश्न नसावा.

---

चढती_कडा

वेगाचा नाहीच, क्रमाचा आहे. मोड बदलण्यासाठी एसपीआय बंद करता हे योग्यच आहे, कारण तो चालू असताना ध्रुवता (क्लॉकची विश्रांतीची पातळी) आणि कला (कोणत्या कडेला बिट उचलायचा) यांचे बिट बदलायचे नसतात. पण तोवर संवेदकाचा चिप सिलेक्ट खाली गेलेला आहे, आणि तिथेच घात होतो.

मोड ० मध्ये विश्रांतीच्या वेळी क्लॉकची तार खाली असते, मोड ३ मध्ये वर. फ्लॅशचे काम संपले तेव्हा तार खाली होती. तुम्ही संवेदक निवडला आणि मग मोड ३ बसवला, त्याबरोबर तार खालून वर गेली. आपल्या दृष्टीने ही नुसती तयारी, पण निवडलेल्या चिपच्या दृष्टीने ती क्लॉकची एक कडा आहे. मॅक्स३१८६५ च्या बाबतीत हे अधिकच महागात पडते, कारण ही चिप मोड १ आणि मोड ३ दोन्ही चालवून घेते, आणि कोणता मोड आहे हे तिला कोणी सांगत नाही. चिप सिलेक्ट खाली जाण्याच्या क्षणी क्लॉकची तार वर आहे की खाली, हे पाहून ती स्वतःच ठरवते. तुम्ही तिला तार खाली दाखवलीत आणि मग व्यवहार मोड ३ ने केलात. तिने मोड १ गृहीत धरून ऐकले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मोड आधीच ३ असल्याने तार वरच होती, म्हणून ते बरोबर आले, आणि चिप एकटी असताना कधीच चुकले नाही तेही याचमुळे.

फ्लॅशकडे परत जाताना तुम्ही हीच चूक करत असाल, पण ती पचून जाते. तिथे तार वरून खाली येते, आणि ही फ्लॅश मोड ० असो वा ३, बिट नेहमी चढत्या कडेला उचलते. उतरती कडा तिने मोजलीच नाही.

तेव्हा आधी दोन्ही चिप सिलेक्ट वर आहेत याची खात्री करा, मग मोड आणि वेग बसवून एसपीआय चालू करा, आणि त्यानंतरच हवा तो चिप सिलेक्ट खाली न्या. मी आणखी एक सुचवीन. संवेदकाला मोड ३ ऐवजी मोड १ द्या. मग दोन्ही चिपसाठी विश्रांतीची पातळी खालचीच राहील आणि क्लॉकच्या तारेला मध्येच उडी मारण्याचे कारण उरणार नाही. एका बसवर वेगवेगळ्या स्वभावाच्या चिप असतील तर ध्रुवता एकच राहील असे मोड निवडावेत, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

एसपीआयचे असे का होते, याला इतिहास आहे. १९८० च्या दशकात मोटोरोलाने ही पद्धत आपल्या मायक्रोकंट्रोलरसाठी आणली, पण सर्वांना बंधनकारक असे एक मानक तिला कधी लाभले नाही. त्यामुळे मोडचे क्रमांक, पिनांची नावे, चिप सिलेक्टचे नियम, सारे ज्याच्या त्याच्या डेटाशीटवर अवलंबून आहे. तुमच्या संवेदकाच्या बोर्डावर बहुधा एसडीआय आणि एसडीओ छापलेले असेल. एसडीआय म्हणजे संवेदकाच्या आत जाणारी तार, ती मोसीला जोडायची. यूआर्टच्या (एकाचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडण्याच्या) सवयीने इथे पुष्कळ जण गोंधळतात.

सुरुवातीच्या क्षणांकडेही लक्ष द्या. रीसेटनंतर एफ१०३ च्या पिना तरंगत्या इनपुट असतात, आणि तुमचा प्रोग्रॅम त्या ताब्यात घेईपर्यंत दोन्ही चिप सिलेक्ट अधांतरी राहतात. प्रत्येकाला १० किलोओहमचा पुल-अप लावा. शिवाय पिन आउटपुट करण्याआधीच तिच्या आउटपुट रजिस्टरमध्ये १ लिहून ठेवा. उलट क्रमाने केले तर पिन आउटपुट होताच क्षणभर खाली जाते आणि चिप उगाच निवडली जाते.

संवेदकाशी संपर्क आहे की नाही हे तापमानावरून ठरवू नका. त्याच्या ०५ या रजिस्टरमध्ये, म्हणजे खालच्या दोष-मर्यादेत, ८५ या पत्त्याने ए५ लिहा आणि ०५ या पत्त्याने परत वाचा. ए५ आला तर दोन्ही दिशा, मोड आणि क्रम सारे ठीक. एका बिटाने सरकलेला आकडा आला, उदाहरणार्थ ५२ किंवा ४ए, तर मोड चुकलेला आहे. बिटाने सरकणे ही मोडची खूण, बाइटने सरकणे ही वर आठवा_बिट यांनी सांगितलेल्या न उचललेल्या बाइटची खूण. चाचणी झाल्यावर त्या रजिस्टरमध्ये पुन्हा ०० लिहायला विसरू नका, नाहीतर पुढे दोषाचा बिट दिसून नवा धागा काढावा लागेल.

---

तारतम्य

माझा पहिला अंदाज चुकला, हे मान्य. पुढे कोणी हा धागा वाचून हाच प्रोग्रॅम एसटीएम३२ च्या नव्या मालिकांवर नेणार असेल तर एक भर घालतो. एफ०, एफ३, एल४ या मालिकांतील एसपीआयमध्ये फिफो (अनेक बाइट ओळीने साठवणारा बफर) आहे. तिथे आठ बिटी व्यवहारात डेटा रजिस्टरवर सोळा बिटी लेखन केले तर एकाऐवजी दोन बाइट तारेवर जातात. ॲनालायझरवर आठच्या जागी सोळा क्लॉक दिसले की हेच कारण समजावे. पत्ता आठ बिटी पॉइंटरमध्ये रूपांतरित करून लिहावा आणि वाचावा. शिवाय एफआरएक्सटीएच हा बिट १ करावा, अन्यथा एकच बाइट आत आल्यावर आरएक्सएनई उठतच नाही आणि प्रोग्रॅम वाट पाहत उभा राहतो.

---

कोरी_पाटी

क्रम बदलला आणि संवेदक मोड १ वर नेला. ए५ लिहून ए५ परत आला, मग ०० लिहिले. जुना क्रम मुद्दाम परत ठेवून मोड ३ मध्ये एकदा ॲनालायझर लावला, तर चिप सिलेक्ट खाली गेल्यावर पहिल्या बिटाच्या बऱ्याच आधी क्लॉकची एकटी चढती कडा दिसली, चढती_कडा यांनी सांगितली तशीच.

आता उपकरण रात्रभर चालवून पाहिले. दर नोंदीला फ्लॅश लिहून लगेच तापमान वाचले, एकही वाचन चुकले नाही. फक्त पहिल्या फेरीत सेक्टर पुसल्यावर लगेच लिहिलेले पान कोरे राहिले. डेटाशीटमध्ये सेक्टर पुसायला कमाल ४०० मिलिसेकंद दिले आहेत, आणि त्या काळात फ्लॅश स्टेटस रजिस्टर वाचण्यासारख्या मोजक्या आज्ञा सोडून नव्या आज्ञा ऐकत नाही. तिथेही मी आकडा ठरवून विलंब टाकणार होते, पण वरची चर्चा आठवली आणि ०५ ने स्टेटस रजिस्टर वाचून व्यग्रतेचा बिट उतरेपर्यंत थांबण्याची ओळ घातली.